क्रोनचा आजार आणि अंगावर उठणारे पुरळ

हैदराबादमधील गौलीगुडा हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीला अपरिचित नाही. विमाने ठेवण्याच्या प्रचंड लोखंडी कमानीखाली तेथे बसस्थानक थाटण्यात आले होते आणि १९९४ साली महात्मा गांधी बसस्थानक सुरू होईपर्यंत परगावच्या प्रवाशांचे पाऊल बहुधा तेथेच प्रथम पडत असे. ती कमान जुलै २०१८ मध्ये कोसळली. परंतु उपचारासाठी शहरात येणाऱ्यांचा ओघ काही थांबलेला नाही. उस्मानिया रुग्णालय येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गौलीगुडा, जामबाग, इसामिया बाजार, काचीगुडा ह्या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली असून, १९०७ साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्थाही ह्याच परिसरातील आहे. नांदेड, लातूर, धाराशिवकडील रुग्णाला येथे मराठी बोलणारा माणूस सहज भेटतो, ही गोष्ट आजारपणात लहान नसते.

अशा रुग्णांत आतड्याच्या दीर्घकालीन दाहाने पीडित झालेले तरुण आता वाढत्या प्रमाणात आढळतात. भारतात हा आजार पूर्वी विरळा समजला जात असे. गेल्या काही दशकांत तसे म्हणता येत नाही. पोटदुखी, जुलाब आणि वजनातील घट ही त्यांची मुख्य दुखणी होत. तथापि, ह्यांपैकी पुष्कळ जणांना अधिक सतावणारी गोष्ट आरशात दिसते. चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर अथवा नडगीवर उठणारे पुरळ, गाठी आणि फोड यांमुळे ते लोकांत मिसळेनासे होतात आणि कित्येकदा पोटाचे औषधच सोडून देतात. हा मार्ग धोक्याचा आहे. प्रस्तुत लेखात क्रोनचा आजार व त्वचेचे विकार यांचा परस्परसंबंध समजावून देण्याचे योजिले आहे.

आजाराची ओळख

ग्लासगो येथील शल्यचिकित्सक डॅल्झिल यांनी १९१३ साली अशा आतडेदाहाचे वर्णन केले होते. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर ह्या तिघांनी चौदा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि लेखकांच्या यादीत क्रोन यांचे नाव आधी असल्याने आजारास त्यांचे नाव मिळाले. शरीराची प्रतिकारशक्ती, जी एरवी जंतूंशी झुंजते, ती ह्या आजारात स्वतःच्या आतड्यावरच उलटते. असे का व्हावे, याचे निश्चित एकच कारण सापडलेले नाही. दाह तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते ठिकाण. तो कधी शमतो, कधी पुन्हा भडकतो. हा आजार सांसर्गिक नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याचा टॉवेल वापरल्याने अथवा त्याच्या अंगावरील पुरळास स्पर्श झाल्याने तो दुसऱ्यास होत नाही.

आपल्या देशात एक अडचण अशी की, आतड्याचा क्षयरोग आणि क्रोनचा आजार यांची लक्षणे पुष्कळशी सारखी असतात. दुर्बिणीने आतडे पाहून व तुकडा तपासूनही काही वेळा निर्णय होत नाही. म्हणून अनेक रुग्णांना प्रथम क्षयाची औषधे दिली जातात आणि गुण न आल्यास निदान बदलले जाते. ह्या गोष्टीचा पुरळाशीही संबंध आहे; तो पुढे येईल.

पुरळ कोठून आले?

क्रोनच्या रुग्णाच्या अंगावर पुरळ उठले की पहिला प्रश्न ‘काय लावावे?’ हा नसून ‘हे कोठून आले?’ हा असला पाहिजे. दिसायला सारखे वाटणारे पुरळ चार निरनिराळ्या वाटांनी येते: प्रत्यक्ष आतड्याच्या दाहातून, दाहावरील औषधातून, अन्नघटकांच्या उणिवेतून, अथवा केवळ वयामुळे, जसे ते शेजारच्या निरोगी मुलालाही येते. ह्या वाटांवरचे उपाय एकसारखे नाहीत. काही तर परस्परविरुद्ध आहेत. एका प्रकारात स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते, दुसऱ्यात तीच मात्रा कमी होण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे शेजाऱ्याला गुणकारी ठरलेले मलम ह्या रुग्णाला घातक ठरू शकते.

दाहाचे त्वचेवरील पडसाद

आतड्यातील दाह भडकला की काही रुग्णांच्या नडग्यांवर लाल, दुखऱ्या, आवळ्याएवढ्या गाठी उठतात. हात लावला तरी कळ येते. ह्या गाठी फुटत नाहीत, त्यांत पू होत नाही. हळूहळू जखमेच्या डागासारख्या निळसर-तपकिरी पडत त्या काही आठवड्यांत विरतात आणि बहुधा व्रण राहत नाही. त्यांना वेगळे औषध क्वचितच लागते. आतड्याचा दाह आटोक्यात आला की त्या ओसरतात. पाय उंचावर ठेवून विश्रांती घेतल्यास आराम पडतो. वेदनाशामक म्हणून आयबुप्रोफेन अथवा डायक्लोफेनॅकची गोळी मात्र परस्पर घेऊ नये. ह्या गोळ्यांनी आतड्याचा दाह पुन्हा भडकण्याचा संभव असतो.

ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांनी येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. अशाच लाल दुखऱ्या गाठी क्षयरोगातही येतात, आणि त्यांच्याशी साम्य असलेल्या गाठी कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेतही उठतात. कुष्ठरोगातील गाठी बहुधा चेहरा व हात यांवरही असतात आणि सोबत बधिर चट्टे किंवा जाड झालेल्या नसा सापडू शकतात. रुग्ण ‘मला क्रोन आहे’ असे सांगतो म्हणून ही तपासणी टाळू नये.

दुसरा प्रकार विरळा, परंतु गंभीर आहे. प्रथम एक साधी पुळी येते, बहुधा पायावर, कधी शस्त्रक्रियेनंतर पोटावर मलविसर्जनासाठी केलेल्या छिद्राभोवती. दोन-चार दिवसांत ती फुटून खोल, अत्यंत वेदनामय क्षत होते आणि त्याच्या कडा जांभळ्या दिसतात. १९३० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी ह्या विकारास नाव दिले, तेव्हा तो जंतूंमुळे होतो असा समज होता. तो समज पुढे चुकीचा ठरला. हे क्षत गळू समजून कापले अथवा खरवडले तर ते अधिक पसरते. म्हणून क्रोनच्या रुग्णाची झपाट्याने वाढणारी, काळपट-जांभळ्या कडेची जखम कोणीही चिरू नये. तिला आतून दाह शमविणारी औषधे द्यावी लागतात आणि तीही त्वरित.

गुदद्वाराजवळील त्वचेविषयी रुग्ण संकोचाने बोलत नाहीत. तेथे लोंबणारे मोड, चिरा, पू येणारी छिद्रे ही क्रोनच्या आजाराची खूण असू शकते. क्वचित् पोटदुखीच्या आधीच ती दिसते. त्यांना मूळव्याध किंवा भगंदर समजून गावातील माहीतगाराकडून क्षार लावून घेणे वा मोड कापून घेणे यातून भरून न येणाऱ्या जखमा होतात. वारंवार भगंदर होणाऱ्या तरुणाचे आतडे तपासून घ्यावे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

औषधामुळे उठणारे पुरळ

आजार भडकला असता पुष्कळदा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले जाते. ते लवकर गुण देते. त्याची किंमतही त्वचा लवकर मोजते. दोन-तीन आठवड्यांनंतर छाती, खांदे, पाठ व कपाळ यांवर बारीक, एकसारख्या आकाराच्या लाल पुळ्या उठतात. तारुण्यपीटिकांमध्ये काळे ठिपके, पांढरे ठिपके, लहानमोठे फोड असे मिश्रण असते. येथे मात्र सगळ्या पुळ्या जणू एका साच्यातून काढल्यासारख्या असतात. चेहरा गोल होतो, लव वाढते. मात्रा उतरत गेली की हे सर्व मागे हटते, परंतु त्यास आठवडे, कधी महिने लागतात.

कॉलेजात शिकणाऱ्या, लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी ह्या काळात काय घडते, याची कल्पना करणे कठीण नाही. पोट बरे झाल्याचा आनंद चेहऱ्याच्या चिंतेत बुडून जातो. पाहुणे यायचे असतात. कोणीतरी सुचविते की गोळ्यांनीच हे झाले आहे, तेव्हा गोळ्या बंद कराव्यात. निदान बरोबर असते, उपाय मात्र प्राणावर बेतणारा असतो. शरीर स्वतः तयार करीत असलेले स्टेरॉइड संप्रेरक ह्या काळात मंदावलेले असते. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेली गोळी एकाएकी थांबविल्यास विलक्षण थकवा, ओकाऱ्या, रक्तदाब घसरणे, भोवळ येणे असे प्रकार होऊन रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. आतड्याचा दाहही उफाळून येतो. मात्रा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या क्रमानेच पायरीपायरीने उतरवावी. पुळ्यांमुळे जीव मेटाकुटीस आला असेल तर तसे स्पष्ट सांगावे. ही तक्रार क्षुल्लक नाही, आणि कित्येकदा स्टेरॉइडऐवजी दुसरे औषध लवकर सुरू करणे शक्य असते.

स्टेरॉइड घेणाऱ्याच्या पाठीवरील पुळ्यांना फार खाज सुटत असेल, तर त्या त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या बुरशीमुळेही असू शकतात. हैदराबादच्या एप्रिल-मेमधील घामात हे विशेष होते. तेथे मुरुमाची प्रतिजैविके देऊन उपयोग तर होत नाहीच, उलट बुरशी फोफावते. बुरशीनाशक औषधाने त्या शमतात.

इतर औषधांचीही आपापली खोड आहे. अझाथायोप्रिन घेणाऱ्याने कडक उन्हापासून त्वचेचे रक्षण करावे, कारण दीर्घ काळात त्वचेच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. चामखीळ व नागीणही अशा रुग्णांत अधिक आढळते. इन्फ्लिक्सिमॅब व अडालिमुमॅब ही सुईवाटे द्यावयाची औषधे सोरायसिसवर गुणकारी असूनही, क्रोनच्या काही रुग्णांत तळहात, तळपाय व डोक्यावर सोरायसिससारखेच खवले उत्पन्न करतात. हा विरोधाभास वैद्यकास सुपरिचित आहे. बहुतेकांना मलमाने आराम पडतो. काहींना औषध बदलावे लागते. अमेरिकेत २०२३ साली क्रोनसाठी मान्यता मिळालेल्या उपाडॅसिटिनिब ह्या गोळीचा तर मुरूम हा नोंदलेला दुष्परिणामच आहे.

क्षयाच्या औषधांतील आयसोनियाझिडनेही मुरुमासारख्या पुळ्या उठतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. निदान ठरेपर्यंत ज्यांना क्षयाची औषधे चालू आहेत, त्यांनी ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी. परंतु क्षयाची औषधेही मध्येच सोडू नयेत. आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकलेल्यांना ब-१२ जीवनसत्त्वाची सुई घ्यावी लागते. मोठ्या मात्रेतील ह्या सुईनंतरही काहींच्या चेहऱ्यावर पुळ्या येतात. सुई मात्र चुकवू नये. ब-१२ ची उणीव रक्त व नसा या दोहोंचे नुकसान करते.

ज्वारी, वल्कचर्म आणि हैदराबादचे संशोधन

पोट आणि कातडी यांचे नाते ह्या शहराने पूर्वीच एका वेगळ्या रोगात पाहिले आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पोषणविषयक संशोधन प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादेस आली. १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. डॉ. कोलुथूर गोपालन (१९१८–२०१९) हे तिचे प्रमुख. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा, म्हणजेच वल्कचर्म, आढळत असे. मान, हात व पाय यांच्या उघड्या भागांवरील कातडी उन्हाने काळवंडून सालपटासारखी सुटे, जुलाब होत, आणि पुढे बुद्धिभ्रम होई. मक्यावर जगणाऱ्यांचा रोग अशी त्याची जगभर ख्याती. ज्वारीवर जगणाऱ्यांनाही तो का व्हावा, हा प्रश्न होता. गोपालन व त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की, ज्वारीतील ल्यूसिन ह्या अमिनो आम्लाच्या आधिक्यामुळे नायसिन ह्या ब-वर्गीय जीवनसत्त्वाचा शरीरातील व्यवहार बिघडतो. ह्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. नायसिन दिल्यावर त्वचा बरी होते, यावर मात्र दुमत नाही.

मराठवाड्याच्या भाकरीवर येथे ठपका ठेवण्याचा हेतू नाही. डाळ, दूध, शेंगदाणे, भाजी यांची जोड असलेली भाकरी हे उत्तम अन्न आहे. रोग झाला तो नुसत्या भाकरीवर जगावे लागणाऱ्यांना. क्रोनचा रुग्ण मात्र भरल्या घरातही त्या मजुराच्या स्थितीस पोहोचू शकतो. दाहाने सुजलेले आतडे अन्नघटक शोषत नाही. भूक मेलेली असते. आणि ‘पोटाला बाधेल’ म्हणून घरची मंडळी एकेक पदार्थ वर्ज्य करीत शेवटी त्याला मऊभात व ताकावर आणून सोडतात. त्यातच आयसोनियाझिड चालू असेल तर नायसिनची उणीव आणखी वाढू शकते. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवरच, दोन्ही बाजूंना सारखे, काळपट सालपट दिसू लागले तर ते मलमाचे काम नव्हे.

जस्ताची उणीव हे दुसरे कारण. दीर्घकाळच्या जुलाबांतून जस्त वाहून जाते. तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांच्या बोटांवर लालसर, खवलेदार, ओलसर पुरळ येते, केस गळतात, जखमा भरत नाहीत. जस्त दिल्यावर त्वचा थोड्याच दिवसांत सुधारू लागते. मात्र आपल्या मनाने महिनोन् महिने जस्ताच्या गोळ्या घेतल्यास तांब्याची उणीव निर्माण होते. तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा, लाल गुळगुळीत जीभ, बोटांच्या पेरांवर काळसरपणा या खुणा ब-वर्गीय जीवनसत्त्वांच्या तपासणीकडे बोट दाखवितात.

दुधाचा प्रश्न हटकून विचारला जातो, आणि गवळ्यांचे नाव मिरविणाऱ्या वस्तीत तो विचारला जाणे साहजिकच. दुधाने क्रोनचा आजार होत नाही. काही रुग्णांना दुधातील साखर पचत नाही व पोट फुगते. त्यांना दही बहुधा चालते. शक्ती यावी म्हणून डबाबंद प्रथिनांची भुकटी घेणाऱ्यांनी एवढे जाणावे की, दुधाच्या निवळीपासून केलेल्या अशा भुकटीने काहींचे मुरूम वाढलेले आढळले आहेत. ती बदलून पाहता येते. पदार्थ वर्ज्य करायचाच तर एका वेळी एक, ठरावीक दिवस, आणि फरक न पडल्यास तो पुन्हा सुरू करावा.

साधे मुरूम असल्यास

वरील कारणे वगळल्यावर राहतात त्या निव्वळ तारुण्यपीटिका. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा, घासू नये. पुळ्या फोडू नयेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना फोडलेली पुळी सहज चिघळते. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांचे प्रयोग नकोत. सौम्य बेन्झॉईल पेरॉक्साइड अथवा रात्री लावावयाचे अडॅपलिन डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे. गरोदरपणात अडॅपलिन वर्ज्य. पहिल्याच्या संपर्काने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून अभ्रा पांढरा असावा. गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर औषधे बदलत बसू नये.

मुरुमासाठी पोटात घेण्याच्या औषधांबाबत त्वचारोगतज्ज्ञ व पोटाचे डॉक्टर या दोघांना एकमेकांची कल्पना असावी. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी. घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेस व्रण होतो. आयसोट्रेटिनॉइनने आतड्याचा दाहरोग होतो अशी शंका एके काळी घेतली गेली. पुढील मोठ्या अभ्यासांनी तिला पुष्टी दिली नाही. तरीही क्रोनच्या रुग्णाने ते देखरेखीखालीच घ्यावे, आणि गर्भधारणेचा संभव असलेल्या स्त्रीने काटेकोर दक्षतेशिवाय घेऊच नये, कारण त्याने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात.

चिठ्ठीशिवाय मिळविलेल्या मलमांविषयी कडक बोलणे भाग आहे. गोरेपणासाठी किंवा खाजेसाठी खपणाऱ्या कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा नितळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाली कायमची बसते आणि मुरूम दुपटीने उठतात. केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टेरॉइडयुक्त मलमे वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला. तरीही मैत्रिणीची अर्धी वापरलेली नळी घराघरांत फिरतेच.

शाळा आणि कचेरी

शिक्षकांनी एवढे करावे की, वर्गातून वारंवार बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यास सर्वांदेखत कारण विचारू नये व परवानगीसाठी ताटकळत ठेवू नये. गोल झालेला चेहरा, पुरळ, खुंटलेली उंची यांवरून टोपणनावे पडतात. ती पहिल्याच दिवशी थांबविता येतात, महिन्यानंतर नाही. नडगीवर गाठी असताना कवायतीतून सूट द्यावी. कार्यालयप्रमुखांनी रजेच्या अर्जावर ‘त्वचाविकार’ असे वाचून तो किरकोळ समजू नये.

तपासणीस जाताना रुग्णाने सोबत एक वही न्यावी. पुरळ कोणत्या तारखेस, कोठे उठले, त्याआधीच्या दोन महिन्यांत कोणते औषध सुरू झाले वा कोणाची मात्रा बदलली, त्या दिवसांत जुलाब किती होते, वजन किती होते, हे तीत लिहिलेले असावे. पुरळ येते-जाते व तपासणीच्या दिवशी नेमके दिसत नाही. म्हणून मोबाइलवर उजेडात काढलेले छायाचित्र उपयोगी पडते. लावलेल्या मलमांच्या नळ्या, आयुर्वेदिक भुकट्या व काढे यांच्या पुड्यासुद्धा दाखवाव्यात, लपवू नयेत.

तापासह उठलेले दुखरे लाल चट्टे, झपाट्याने वाढणारी जखम, तोंड व डोळे यांसह अंगभर आलेले फोड, एका बाजूस पट्ट्यासारखी उठलेली नागीण, अथवा पुरळासोबत डोळा लाल होऊन दुखणे व उजेड सहन न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. परगावच्या रुग्णाने आधी जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जावे आणि हैदराबादेतील उपचारांची कागदपत्रे तेथे दाखवावीत. स्टेरॉइड चालू असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.